दीड मिनिटाचं गाणं

दोस्तांनो, एक प्रसंग सांगतो. तुमच्याही घरी घडला असेल, तर हात वर करा!

संध्याकाळची वेळ. दप्तर कोपऱ्यात पडलेलं. गणिताची वही उघडी, पण पेन्सिल केव्हाची थांबलेली. कानात 'ते' गाणं सुरू आहे. आधी नुसताच एक जाडसर, घुमणारा आवाज येतो, कुणीतरी लांबून धावत यावं तसा. मग त्याला ड्रम्स येऊन मिळतात. मग गिटार. आणि मग एक मुलगा पूर्ण दम लावून गायला लागतो. भाषा जपानी. आपली मान मात्र डोलायला लागलेली असते. इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अरे, एक अक्षर तरी कळतंय का त्यातलं? कसली ती कार्टूनची गाणी ऐकत बसतोस!"

आता काय सांगायचं? आपण फार तर म्हणतो, "मला आवडतं." पण आईला काही हे उत्तर पुरत नाही. आणि खरं सांगू का? आईचा प्रश्न चुकीचा नाहीये. एखादी गोष्ट आपल्याला आवडते, तर ती का आवडते, हे आपल्याला सांगता यायला हवं. नाहीतर ती आवड आपली कशी?

म्हणून आज आपण हे उत्तर शोधू या. आई-बाबांनाही जवळ बोलवा. हा लेख दोघांसाठी आहे बरं का!

आई-बाबांचंही एक गाणं होतं

सुरुवात आई-बाबांपासूनच करू. त्यांना विचारा, "१९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर काय लागायचं?" बघा, चेहरा कसा खुलतो ते! मोगली, बगीरा, बल्लू आणि दुष्ट शेरखान. ती मालिका आपल्याकडे हिंदीतून दिसायची, गोष्टही भारतातल्या जंगलातली. पण ती चित्रं काढली होती जपानमध्ये, निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीनं. जपानी मुलांनी ती १९८९ साली पाहिली. म्हणजे 'ॲनिमे' हा शब्द ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी आपले आई-बाबा ॲनिमे बघत होते!

हिंदीतल्या मोगलीसाठी सुरुवातीचं गाणं नव्यानं केलं गेलं. ते लिहिलं गुलजार यांनी आणि त्याला चाल लावली विशाल भारद्वाज यांनी. एवढे मोठे कवी आणि कशासाठी लिहीत होते? 'कार्टून'साठीच ना! ते गाणं सुरू झालं, की घराघरातली मुलं हातातला चहा-पोळीचा घास तसाच ठेवून धावत यायची. आज तीस वर्षांनंतरही आई-बाबा ते गाणं अडखळता म्हणून दाखवतील. पैज लावा!

मग गाणं कार्टूनचं आहे म्हणून ते कमी दर्जाचं ठरतं का? मुळीच नाही. गाणं चांगलं असतं किंवा वाईट असतं. ते कशाच्या सुरुवातीला लागतं, हा पुढचा प्रश्न.

दीड मिनिटात काय काय?

जपानमध्ये ॲनिमे मालिकेच्या प्रत्येक भागाला सुरुवातीचं गाणं असतं आणि शेवटचंही. सुरुवातीच्या गाण्याला साधारण दीड मिनिट मिळतं. खरं गाणं असतं चार मिनिटांचं. मग त्यातलं नेमकं काय ठेवायचं? सुरुवातीची झलक, एखादं कडवं आणि सगळ्यात जोरकस ध्रुवपद. बाकीचं कापायचं. आणि ढोलाच्या ठोक्याबरोबर चित्र बदलायचं. पुढच्या वेळी आवाज बंद करून ते दीड मिनिट पाहा. नुसतं पाहतानाही ठेका ओळखता येतो.

यात व्यापारही आहे, हे लपवून कशाला ठेवायचं? गाण्यांच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या आणि मालिका काढणारे आपसांत ठरवतात. मालिकेला दमदार गाणं मिळतं आणि गाण्याला दर आठवड्याला लाखो कान मिळतात. जाहिरातच म्हणा ना! पण जाहिरात कितीही केली, तरी न आवडलेलं गाणं कुणी वीस वर्षं गुणगुणत नाही. ज्यांची गाणी वीस वर्षं गुणगुणली जातात, अशा एका बँडची आज आपण ओळख करून घेणार आहोत.

नाव मोठं गमतीदार!

बँडचं नाव आहे 'एशियन कुंग-फू जनरेशन'. नाव ऐकून डोळ्यांपुढे काय येतं? उड्या मारणारे, लाथा झाडणारे पहिलवान! प्रत्यक्षात दिसतात चार साधेसुधे मित्र. पुढे उभा राहून गाणारा तर चष्मा लावणारा, एखाद्या ग्रंथालयात पुस्तक वाचत बसला असेल असा वाटणारा. कुंग-फू चिनी, हे चौघे जपानी आणि नाव इंग्रजी! जपानी चाहते या लांबलचक नावाचं 'आजिकान' एवढंच करून टाकतात.

चौघांची नावं लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी त्यांचं काम पडणार आहे.

मासाफुमि गोतो. हा गातो आणि गिटार वाजवतो.
केन्सुके किता. याची दुसरी गिटार.
ताकाहिरो यामादा. याच्याकडे बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या स्वरांची गिटार.
कियोशि इजिचि. हा ड्रम्सवर.

टोकियोजवळ योकोहामा नावाचं मोठं बंदर आहे. तिथल्या कांतो गाकुइन विद्यापीठात शिकताना, तिथल्या संगीत मंडळात हे चौघे भेटले. बँड सुरू झाला १९९६ साली. आपल्या कॉलेजांत नाटकाचा ग्रुप असतो ना, तसाच प्रकार. सुरुवातीला गोतो इंग्रजीतून गाणी लिहायचा. पुढे त्यानं आपल्या भाषेत लिहायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. जे मनात असतं ते आपल्या भाषेतच नीट बाहेर येतं, हा अनुभव तुम्हालाही निबंध लिहिताना आला असेल.

पण यश काही चटकन आलं नाही. कॉलेज संपलं, वर्षं सरली. छोट्या छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम करायचे. अशा हॉलला जपानमध्ये 'लाइव्ह हाउस' म्हणतात. बऱ्याचदा ते तळघरात असतात आणि थोडेसे लोक आले तरी गच्च भरतात. २००२ च्या अखेरीस, म्हणजे सुरुवातीपासून सहा वर्षांनी, त्यांची सहा गाण्यांची एक सीडी एका छोट्या कंपनीनं काढली. तिचं नाव 'होउकाइ ॲम्प्लिफायर'. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, क्यून या मोठ्या कंपनीनं ती पुन्हा बाजारात आणली. आणि त्या सहा गाण्यांतल्या एका गाण्याचं नशीब उघडलं.

दूर... पलीकडे

त्या गाण्याचं नाव 'हारुका कानाता'. अर्थ 'दूर, खूप पलीकडे'. लेखाच्या सुरुवातीला जो जाडसर, धावत येणारा आवाज सांगितला, तो याच गाण्यातला. यामादाचा बेस!

२००३ साली 'नारुतो' या मालिकेचं दुसरं सुरुवातीचं गाणं म्हणून ते वाजायला लागलं. नारुतो तुम्हाला सांगायला नको. २०२२ पासून तो आपल्याकडे हिंदीतही बोलायला लागला आहे. पण आई-बाबांसाठी थोडक्यात सांगतो. मासाशि किशिमोतो या चित्रकथाकाराची ही गोष्ट. नारुतो हा अनाथ मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळी एका नऊ शेपट्यांच्या राक्षसी कोल्ह्याला त्याच्या शरीरात कोंडून ठेवलेलं असतं. त्यात त्या पोराचा काय दोष? पण गावातले लोक त्याला टाळतात, आपल्या मुलांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. मग हा खोड्या काढतो, भिंती रंगवतो. का? कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून! आणि सगळ्यांना सांगत सुटतो, की एक दिवस मी या गावाचा प्रमुख होणार.

आता गंमत ऐका. 'हारुका कानाता' हे गाणं नारुतोसाठी लिहिलेलंच नव्हतं. मालिकेत लागण्याआधीच ते त्या छोट्या कंपनीच्या सीडीवर आलेलं होतं. ज्यांना अजून फार लोक ओळखत नव्हते, अशा चार तरुणांनी आपल्या स्वतःच्या धडपडीत ते केलेलं. आणि तरीही ते नारुतोला असं फिट्ट बसलं, की मापं घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखं!

असं का झालं असेल? विचार करा. कुणी ओळखत नाही, पण पोहोचायचंय खूप लांब. नारुतोचं दुखणं आणि त्या चौघांचं दुखणं एकच होतं. शब्द न कळताही आपल्याला ते ऐकू येतं, कारण आपल्यालाही कधी ना कधी असं वाटलेलं असतं. वर्गात नवीन आलेल्या मुलाला विचारा. टीममध्ये शेवटी निवडल्या जाणाऱ्या मुलीला विचारा.

आईला द्यायच्या उत्तराचा पहिला तुकडा आपल्या हाती लागला!

जपानी बाराखडीची गोष्ट

थोडं थांबू या. तुमच्या लक्षात आलंय का, की 'हारुका कानाता' आपण देवनागरीत किती सहज लिहितो? हा-रु-का-का-ना-ता. जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरानं संपतं. म्हणून अर्थ कळला नाही तरी जपानी गाणं सोबत म्हणता येतं.

पण याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. जपानी मुलं आपली वर्णमाला कशी पाठ करतात, माहीत आहे? आधी स्वर, अ, इ, उ, ए, ओ. मग व्यंजनांच्या ओळी, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना क्रम? आपल्या क-ख-ग-घ चा सांगाडाच आहे तो! आधी कंठातला क, मग पुढे येत दातांचा त, मग ओठांचा म, आणि शेवटी य-र-व. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत आणि ती लिहिण्याची सिद्धम् नावाची लिपी जपानपर्यंत पोहोचली. तिथल्या भिक्षूंनी तिचा अभ्यास केला आणि त्या वर्णक्रमाच्या धर्तीवर जपानी अक्षरांचा क्रम लावला गेला. तेव्हा कुणी म्हणालं, "कुठलं कुठं ते जपान!" तर हे सांगा. बाराखडीच्या नात्यानं ते आपले लांबचे पाहुणेच लागतात!

खोडरबरनं पुसता येत नाही ते

आता दुसरं गाणं, 'रीराइट'. म्हणजे 'पुन्हा लिही'. २००४ सालचं. हे गाणं 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मालिकेच्या शेवटच्या टप्प्यात लागायचं. हिरोमु आराकावा या लेखिकेची ही चित्रकथा. यातले एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोघं भाऊ. आई वारते. पोरं हुशार, किमयाविद्या शिकलेली. ती ठरवतात, आपल्या विद्येनं आईला परत आणायचं. पण त्या विद्येचा नियम कडक असतो. काही मिळवायचं, तर तितक्याच मोलाचं काही द्यावं लागतं. प्रयोग फसतो. मोठ्याचा एक पाय आणि एक हात जातो. धाकट्याचं तर सगळं शरीरच जातं. त्याचा जीव तेवढा एका लोखंडी चिलखतात अडकून राहतो. आणि आई? आई परत येत नाहीच.

ही चूक खोडरबरनं पुसता येईल? नाही ना. मग पुढे जगायचं कसं? हीच त्या मालिकेची गोष्ट आहे. आणि गाण्याचं नाव काय, तर 'पुन्हा लिही'! गोतो हा शब्द गातो म्हणण्यापेक्षा ओरडतोच. चुकलेलं पान फाडून टाकावं आणि नव्यानं लिहावं, ही जी आतली तगमग असते, ती त्या ओरडण्यात आहे.

टीव्हीवरच्या दीड मिनिटात एक गोष्ट मात्र कळत नाही. पूर्ण गाण्याच्या मध्यावर तो सगळा गोंगाट एकदम शांत होतो. ठेका संथ होतो, गिटार झुलायला लागते, जणू धावून धावून दमलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतोय. आणि मग हळूहळू सगळं पुन्हा उसळून वर येतं. ज्यांनी फक्त टीव्हीवरचा तुकडा ऐकलाय, त्यांनी हे गाणं अर्धंच ऐकलंय. आज पूर्ण ऐका.

आई-बाबांनो, हे वाचताना तुम्हाला मुलांच्या रॉक संगीताचा 'आरडाओरडा' थोडा वेगळा वाटायला लागला असेल, तर या लेखाचं निम्मं काम झालं!

बारा वर्षांनी आलेलं उत्तर

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये 'रीराइट' असलेला त्यांचा अल्बम आला, 'सोल्फा'. सोल्फा म्हणजे पाश्चात्त्य सा-रे-ग-म. तो जपानच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. याच अल्बममध्ये आणखी एक गाणं होतं, 'रि:रि:'. नाव जरा विचित्र आहे. ई-मेलला उत्तर दिलं, की विषयाच्या आधी 'रि:' लागतं. उत्तराला उत्तर दिलं, की दोनदा लागतं. म्हणजे पुन्हा, आणि पुन्हा. चाहत्यांना ते आवडायचं, पण त्याला कुठलीच मालिका मिळाली नव्हती.

आणि २०१६ साली, तब्बल बारा वर्षांनी, एका नव्या मालिकेच्या सुरुवातीला ते झळकलं! मालिका होती 'बोकु दाके गा इनाइ माचि', म्हणजे 'फक्त मीच नसलेलं गाव'. २९ वर्षांचा एक तरुण काळात मागे फेकला जातो आणि थेट १९८८ साली पोहोचतो, पाचवीच्या वर्गात! त्याच्या वर्गातल्या एका मुलीवर तेव्हा संकट आलेलं असतं आणि कुणाच्याच ते लक्षात आलेलं नसतं. आता मोठ्या माणसाचं डोकं आणि लहान मुलाचं शरीर घेऊन तो तिला वाचवायला निघतो. म्हणजे आयुष्याला पुन्हा एकदा उत्तर पाठवण्याचीच गोष्ट! (ही मालिका थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे बरं का. त्यात गुन्हा आहे, भीती आहे. बघायचीच असेल तर आई-बाबांना शेजारी बसवून बघा.)

त्याच २०१६ मध्ये बँडला वीस वर्षं झाली. या चौघांनी काय करावं? बारा वर्षांपूर्वीचा आपला सगळा 'सोल्फा' अल्बम त्यांनी नव्यानं वाजवून, नव्यानं ध्वनिमुद्रित केला. 'पुन्हा लिही' म्हणणाऱ्यांनी खरंच पुन्हा लिहिलं!

मधल्या वर्षांत त्यांची गाणी आणखी कुठं कुठं गाजली. २००७ मध्ये 'ब्लीच'साठी 'आफ्टर डार्क'. २०१२ मध्ये नारुतोच्या 'रोड टू निंजा' या चित्रपटासाठी एक गाणं. २०१६ मध्ये 'नारुतो शिप्पुदेन'साठी 'ब्लड सर्क्युलेटर'. २०१९ मध्ये ओसामु तेझुका यांच्या 'दोरोरो' या जुन्या चित्रकथेवरच्या नव्या मालिकेसाठी, आणि २०२१ मध्ये 'माय हीरो ॲकॅडेमिया'च्या चित्रपटासाठी 'एम्पथी'. एम्पथी म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपलं समजणं.

गाण्यांची आगगाडी

पण त्यांची सगळी गाणी काही मालिकांसाठी नाहीत. एक अल्बम तर चक्क आगगाडीवर आहे!

योकोहामाच्या पश्चिमेला समुद्रकाठी एनोदेन नावाची एक छोटी रेल्वे आहे. लांबी फक्त दहा किलोमीटर, स्टेशनं पंधरा. फुजिसावापासून कामाकुरापर्यंत. कधी घरांच्या अंगणांना खेटून, कधी भर रस्त्यातून, कधी समुद्राच्या कडेनं ती जाते. या मार्गावरच्या एका स्टेशनजवळचं फाटक 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलच्या मालिकेमुळे जगभर प्रसिद्ध झालंय. २००८ साली या बँडनं अल्बम काढला आणि त्यातल्या दहाही गाण्यांना या मार्गावरच्या स्टेशनांची नावं दिली. पहिलं गाणं फुजिसावाचं, शेवटचं कामाकुराचं. अल्बम ऐकला की प्रवास झाला!

पण मग उरलेल्या पाच स्टेशनांचं काय? ती बिचारी पंधरा वर्षं वाट बघत राहिली. २०२३ साली बँडनं त्यांचीही गाणी करून अल्बम पूर्ण केला. आता पंधराही स्टेशनांवर गाडी थांबते!

गाणं बाजूला ठेवून

११ मार्च २०११ हा दिवस जपान विसरणार नाही. त्या दिवशी प्रचंड भूकंप झाला, त्सुनामीच्या लाटा आल्या, हजारो माणसं गेली. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. अशा वेळी गाणाऱ्या माणसानं काय करायचं? गोतोनं त्याच वर्षी एक वर्तमानपत्र सुरू केलं! नाव 'द फ्युचर टाइम्स'. किंमत काहीच नाही, फुकट वाटायचं. आपलं गाव, आपली वीज, आपलं पुढचं आयुष्य कसं असावं, यावर त्यात लोकांशी बोलायचं. गिटार वाजवणारा हात लेखणीही धरतो, तो असा.

कपाटातली मुलगी

आता आठवताहेत का ती चार नावं? गोतो, किता, यामादा, इजिचि. त्यांचं काम आलं.

आकि हामाजि यांची 'बोच्चि द रॉक!' नावाची एक चित्रकथा आहे. २०२२ साली तिच्यावर बारा भागांची मालिका आली. तिची नायिका इतकी लाजाळू आहे, की कुणाशी बोलायचं म्हटलं तर तिला घाम फुटतो. आपल्या घरातल्या कपाटात बसून ती तासन्‌तास गिटार वाजवते. शाळेत एकही मैत्रीण नाही. तिला हाक मारतात 'बोच्चि', म्हणजे एकलकोंडी. एक दिवस ड्रम्स वाजवणारी एक मुलगी तिला ओढून आपल्या बँडमध्ये नेते. आणि पहिल्या कार्यक्रमात बोच्चि काय करते? एका मोठ्या खोक्यात शिरून, आतून गिटार वाजवते!

या बँडमध्ये चार मुली आहेत. गिटार वाजवणारी बोच्चि, तिचं आडनाव गोतो. दुसरी गिटारवाली किता. बेसवाली यामादा. ड्रम्सवाली इजिचि. लागली ना टोटल? खऱ्या बँडमध्ये ज्याचं जे वाद्य, तेच मालिकेतल्या त्याच आडनावाच्या मुलीच्या हातात!

आणखी एक गंमत. २००८ साली या बँडचं एक गाणं आलं होतं. त्याच्या नावाचा अर्थ असा, 'घरंगळणारा दगड, तुझ्यावर सकाळ बरसते'. आता मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव बघा, 'घरंगळणारी बोच्चि'. आणि शेवटच्या, बाराव्या भागाचं? 'तुझ्यावर सकाळ बरसते'. म्हणजे अख्खी मालिका त्या एका नावाच्या दोन टोकांमध्ये बसवलेली आहे!

खऱ्या बँडमध्ये गातो कोण? गोतो. पण मालिकेतल्या गोतोला, आपल्या बोच्चिला, गायची हिंमतच नसते. तिच्या बँडची गाणी किता गाते. अकरा भाग जातात. बारावा भाग संपत येतो. शेवटी तेच जुनं २००८ चं गाणं सुरू होतं आणि एक थोडा बावरलेला, पण खरा आवाज ऐकू येतो. तो आवाज बोच्चिचा असतो. तिच्यासाठी बोलणाऱ्या योशिनो आओयामा या कलावतीनं ते गायलंय. कपाटातली मुलगी शेवटी गाते!

१९९६ साली एका कॉलेजात चार मित्र जमले. त्यांची गाणी ऐकत एक पिढी मोठी झाली. त्या गाण्यांवर जीव असलेल्यांनी एक गोष्ट रचली. आणि ती गोष्ट बघून आज जगभरातल्या किती लाजाळू मुलामुलींना पहिल्यांदा गिटार हातात घ्यावीशी वाटली असेल, याची मोजदाद कोण करणार?

आता तुमची पाळी!

आज रात्री जेवण झाल्यावर एक खेळ खेळा. आई-बाबांसोबत 'हारुका कानाता' पूर्ण ऐका. पहिल्यांदा फक्त बेसकडे लक्ष द्या, बाकी काहीच ऐकायचं नाही. दुसऱ्यांदा फक्त ड्रम्स. तिसऱ्यांदा दोन गिटार वेगवेगळ्या ओळखता येतात का बघा. चौथ्यांदा सगळं एकत्र ऐका. मग आई-बाबांची पाळी. त्यांच्या आवडीचं एखादं मराठी गाणं लावा आणि त्यातही असंच तबला, बासरी, व्हायोलिन शोधा. तुम्ही त्यांचं ऐकलंत, तर ते तुमचं ऐकतील. हा नियमही त्या किमयाविद्येसारखाच आहे, काही मिळवायचं तर काही द्यावं लागतं!

आणि आईनं पुन्हा विचारलं, "एक अक्षर तरी कळतंय का?" तर आता सांगा, "अक्षरं सगळी कळत नाहीत गं आई. पण ज्याला कुणी ओळखत नाही, तो किती लांब जायचं म्हणतोय, ते कळतं. ज्याचं चुकलंय, त्याला पुन्हा लिहायचंय, ते कळतं. आणि जी कपाटात बसते, तीसुद्धा एक दिवस गाते, हेही कळतं."

बघा, आई काय म्हणते! कदाचित कानाला लावायचं दुसरं टोक स्वतःच मागून घेईल.

वर 'रोड टू निंजा' या चित्रपटाच्या गाण्याचा उल्लेख आला ना? त्या गाण्याच्या नावाचा अर्थ आहे, 'तर मग, उद्या पुन्हा'. निरोप घेताना यापेक्षा चांगलं काय म्हणणार? आपलं मासिक नाही, साप्ताहिक आहे. म्हणून उद्या नाही, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा!